लिफ्टवाल्याच्या लेकीची मुलाखत

शाळेच्या व्हरांड्यात लिफ्टवाल्याला बसायला दिलेला बाक इतका बुटका होता, की त्याचे गुडघे थेट छातीशी आले होते. समोर दोन दारं होती. डाव्या दारातून त्याची चौदा वर्षांची मुलगी मघाशीच आत गेली होती आणि उजव्या दारातून आता कुठल्याही क्षणी त्याला बोलावणार होते. शनिवारी संध्याकाळी भरल्या हॉलसमोर माईक धरून उभं राहताना ज्याचे पाय कधी लटपटले नाहीत, तो माणूस दोन बंद दारांकडे बघून घामाघूम झाला होता.

या शाळेची रीतच तशी होती. इथे नेहमीच्या विषयांबरोबर लाकूडकाम, धातुकाम आणि घड्याळदुरुस्ती शिकवत आणि मुलं तिथेच वसतिगृहात राहत. जागा थोड्या, येणारे फार. मुलाच्या हातात कसब आहे का ते आधी बघत आणि मग मुलाला एका खोलीत व पालकाला दुसऱ्या खोलीत बसवून दोघांना तेच प्रश्न विचारत. मुलाला भीती कशाची, बिनसलं की ते काय करतं, मैत्री कोणाशी. मग दोन्हीकडची उत्तरं पडताळून बघत. ज्या मुलाला घरचेच ओळखत नाहीत त्याला इथे आल्यावर आपल्याला टाकून दिलंय असं वाटतं, आणि मग ते मूल ना इथलं राहतं ना तिथलं, असं शाळेचं म्हणणं होतं. एक पालक आला तरी चालेल, असं कळवलं होतं.

"तूच जा," बायको म्हणाली होती. ती दवाखान्यात तपासणीसाठी लोकांचं रक्त काढते, त्यामुळे सुई कुठे टोचायची हे तिला नेमकं कळतं. "तिचं सगळं तुलाच तर माहीत असतं. अख्ख्या जगाला सांगत फिरतोस."

ते खरंच होतं. हा माणूस दिवसा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि शनिवारी लोकांना हसवायचा, आणि दुसरा धंदा पहिल्यातूनच निघाला होता. लिफ्ट मजल्यांच्या मध्ये अडकली की जोडीदार वर मशीनरूममध्ये जाऊन ब्रेक हाताने सोडतो आणि केबिन हळूहळू मजल्याला आणतो. तोवर दाराबाहेर उभं राहून आतल्या माणसांशी बोलत राहायचं काम याचं. अडकलेली माणसं आधी आरडाओरडा करतात, मग एकदम गप्प होतात, आणि गप्प झालेली माणसं भलतंसलतं करायला जातात. म्हणून याने त्यांना दाराच्या फटीतून गोष्टी सांगायला सुरुवात केली. राजकारण सांगून बघितलं, क्रिकेट सांगून बघितलं. पण खरी मात्रा लागू पडायची ती घरच्या गोष्टींची. आपल्या मुलीने शाळेच्या डब्यात मांजरीचं पिल्लू कसं नेलं हे सांगितलं, की आत हुंदके देणारा माणूसही विचारायचा, "मग बाईंनी काय केलं?" अशाच एका अडकलेल्या गृहस्थाचा हॉल होता. सुटल्यावर घाम पुसत तो म्हणाला, शनिवारी या. त्याला आता सहा वर्षं झाली होती. स्टेजवर त्याचं नाव लिफ्टवालाच पडलं आणि पुढे घरचेही चिडवायला त्याला तसंच म्हणायला लागले.

घरची अब्रू चव्हाट्यावर आणतो असं कोणी म्हणू नये, म्हणून त्याने घरात एक नियम केला होता आणि त्या नियमाचा त्याला भारी अभिमान होता. नवा विनोद आधी जेवणाच्या टेबलावर सांगायचा. ज्याच्यावर असेल त्याने 'पास' म्हटलं तर तो शनिवारी जाणार. 'नापास' म्हटलं तर तिथेच त्याला मूठमाती. बायकोने आजवर कितीतरी विनोद नापास केले होते, काही तर पहिलं वाक्य संपायच्या आतच. मुलीने मात्र एकही नाही. तिच्यावरचं सगळं ती पास करायची, मान खाली घालून, जेवता जेवता. याला वाटायचं, काय दिलदार पोरगी आहे, बापावर गेली.

तिच्यावरचे तीन विनोद तर लोकांना पाठ होते. पहिला टॉवेलचा. मुलीला पाण्याची भीती, म्हणून पोहायच्या तासाला ती कपडे बदलायच्या खोलीत बसते, नळाखाली केस आणि टॉवेल ओला करते आणि घरी येऊन दमल्याचं नाटक करते. दुसरा फ्रीजचा. रुसली की कोणाशी बोलत नाही, फ्रीज उघडते आणि त्याच्यासमोर उभी राहून त्याच्याशी भांडत भांडत थंड भात खाते. तिसरा स्टुलाचा. लेकीने स्वतःच्या हातांनी पहिलं स्टूल केलं आणि ते असं डुगडुगतं की पाहुणा बसला की त्याला आपोआप निघावंसं वाटतं. शेवटच्या वाक्याला हॉल कोसळायचा. ते स्टूल घरात अजून होतं. वर्षभर सगळे त्यावर जीव मुठीत धरून बसत होते.

आणि त्या दिलदार पोरीने महिन्यापूर्वी, भांडी विसळता विसळता, मागे न वळता सांगितलं होतं, "मला वसतिगृहात जायचंय."

तेव्हापासून लिफ्टवाल्याचा जीव टांगणीला लागला होता. का जायचंय? इथे काय कमी आहे? मारत नाही, ओरडत नाही, मार्कांसाठी मागे लागत नाही. मुलीला विचारलं तर ती म्हणायची, "लाकूडकाम शिकायचंय." बायकोला विचारलं तर ती म्हणायची, "तिला विचार." दोघी मिळून काहीतरी झाकतायत असं त्याला वाटायचं आणि मग आपल्याच मनाची लाज वाटायची. कामावर एकदा त्याने दाराचा सेन्सर उलटा बसवला आणि दार बंद व्हायलाच तयार होईना. जोडीदार म्हणाला, "लक्ष कुठंय तुझं?" लक्ष घरी होतं, त्या न वळलेल्या पाठीवर. आज इथे बसून त्याला एकीकडे वाटत होतं की तिला जागा मिळावी, पोरगी एवढी आस लावून बसलीय. आणि दुसरीकडे, अगदी खालच्या आवाजात, वाटत होतं की न मिळो.

उजवं दार उघडलं. वॉर्डनबाईंनी त्याला आत बोलावलं.

बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, चेहऱ्यावर राग नाही आणि हसूही नाही. असा चेहरा त्याने हॉलच्या पहिल्या रांगेत अनेकदा पाहिला होता आणि त्याचं त्याला कायम दडपण यायचं. पहिलाच प्रश्न आला, मुलीला भीती कशाची वाटते?

घाबरला की त्याची जीभ जास्तच चालायची. त्याने टॉवेलची गोष्ट सांगितली. नळ उघडल्याचा, केस पिळल्याचा, दमून सोफ्यावर पडल्याचा अभिनय खुर्चीत बसल्या बसल्या केला. बाईंनी ऐकून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. बिनसलं की काय करते? त्याने फ्रीज सांगितला, जरा मोठ्या आवाजात. हशा येत नाही म्हटल्यावर तो नेहमी आवाज चढवायचा. ती सवय वाईट आहे हे माहीत असूनही सुटत नव्हती. तिने केलेली कुठली वस्तू तुम्हाला आवडते? स्टूल. पाहुण्याचं वाक्य त्याने मोक्याच्या जागी थांबून टाकलं. बाईंनी चष्मा नाकावर घेतला, इतकंच.

"तिची सगळ्यात जवळची मैत्रीण?"

"खारूताई," तो पटकन म्हणाला. पुढचे दोन दात मोठे आणि जागेवर पाय ठरत नाही, म्हणून त्या पोरीला सगळे खारूताई म्हणायचे. "खालच्याच मजल्यावर राहते. दोघींचं अगदी गूळपीठ आहे."

मग शेवटचा प्रश्न आला. "ती घर सोडून इथे का येऊ बघतेय?"

महिनाभर हाच प्रश्न त्याला खात होता आणि उत्तर त्याच्याकडे नव्हतं. नसलं की त्याची एक ठरलेली पळवाट होती. "माझ्या विनोदांना कंटाळून," तो हसत म्हणाला. "दुसरं काय?"

बाईंनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. हसल्या मात्र नाहीत. त्याला बाहेर थांबायला सांगून त्या डावीकडच्या खोलीत गेल्या आणि बऱ्याच वेळाने परत आल्या. त्यांच्याबरोबर लाकूडकामाचे सर होते, बाह्यांना भुसा लागलेले.

"मुलीचा हात चांगला आहे," सर म्हणाले. "सकाळी तिने दोन फळ्यांचा सांधा करून दाखवला, कागद सरकणार नाही असा. बाई सांगतायत ते डुगडुगतं स्टूल तिने केलं असेल असं मला वाटत नाही. केलं असेल तर मुद्दाम केलं असणार."

"बाकीची उत्तरंही जुळत नाहीत," बाई म्हणाल्या. त्या टोचून बोलत नव्हत्या, आणि त्यामुळेच ते जास्त लागत होतं. "तुम्ही सांगितलेली मुलगी आणि शेजारच्या खोलीतली मुलगी या दोन वेगळ्या घरच्या वाटतात. एकच उत्तर जुळलं. शेवटचं."

लिफ्टवाल्याला ते कळायला एक क्षण लागला, आणि कळलं तेव्हा तोंडात मारल्यासारखं झालं. त्याने थट्टेने फेकलेलं वाक्य शेजारच्या खोलीत त्याच्या मुलीने खरं म्हणून सांगितलं होतं.

"अशा वेळी आम्ही सहसा नाही म्हणतो," बाई पुढे म्हणाल्या. "पण सर तिला सोडायला तयार नाहीत. मधल्या सुट्टीत तिच्याशी बोला. सुट्टी संपली की तुम्हाला मी एकच प्रश्न पुन्हा विचारीन."

मागच्या अंगणात फळ्यांची चळत रचलेली होती. मुलगी तिच्यावर पाय सोडून बसली होती. तो जवळ आला तशी ती सरकली, जागा करून द्यायला की लांब जायला ते त्याला कळलं नाही.

"काय सांगितलंस त्यांना?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. टॉवेल म्हटल्यावर तिने डोळे मिटून घेतले.

"बाबा, मी पोहते. दोन वर्षं झाली. आई बघायला येते."

"कधी?"

"शनिवारी संध्याकाळी."

शनिवारी संध्याकाळी तो स्टेजवर असायचा, टॉवेलची गोष्ट सांगत.

"मग ते टॉवेलचं?"

"ते मी तुला दिलं," मुलगी म्हणाली. ती रागावलेली नव्हती. गणित समजावून सांगावं तसं सांगत होती. "तू घरी आलास की बूट काढायच्या आधी विचारतोस, आज काय झालं. खरं सांगितलं की ते शनिवारी जातं. म्हणून तुझ्यासाठी वेगळं तयार ठेवायचे. फ्रीजचंही तसंच. मला थंड भात आवडतसुद्धा नाही."

"आणि स्टूल?"

"एक पाय जास्तीचा तासला. तेव्हा मी एक पेटीपण केली होती, चांगली झाली होती. तू स्टुलावर एवढा खूश झालास की पेटी बघितलीच नाहीस. मला तेच हवं होतं."

वर्षभर घरातली सगळी माणसं त्या स्टुलावर तोल सावरत बसली होती, आणि ही पोरगी समोर बसून जेवत होती. लिफ्टवाल्याला याचं हसू यायला हवं होतं. दुसऱ्या कोणाच्या घरातलं असतं तर त्याने त्यावर दहा मिनिटं काढली असती. त्याला रडू आलं आणि त्याने ते शिंकेवर ढकललं.

"पण तू पास म्हणायचीस. मी प्रत्येक वेळी विचारलंय तुला. मला म्हणायचं ना, नापास."

"माझ्यावरचं विचारायचास," ती म्हणाली. "खारूताईच्या बाबांचं कुठे विचारलंस?"

त्याला आधी आठवलंच नाही. मग आठवलं. खारूताईचे बाबा बायकोशी भांडण झालं की उशी घेऊन खाली गाडीत झोपायला जायचे. खारूताईने हे त्याच्या मुलीला सांगितलं होतं, रडत रडत, कोणाला सांगणार नाहीस ना म्हणून. मुलीने ते एकदा बापाला सांगितलं, तिच्यासाठी काय करता येईल ते विचारायला. आणि बापाने सहा महिन्यांत ते वीस वेळा सांगितलं, नाव न घेता. गाडीच्या काचेवर वाफ कशी धरते त्याच्या अभिनयासकट. ज्याच्यावर विनोद त्याला टेबलावर विचारायचं, असा नियम होता. खारूताईचे बाबा त्यांच्या टेबलावर जेवायला नव्हते.

"इमारतीतले कोणीतरी आले होते एका शनिवारी," मुलगी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत. ती माझ्याशी बोलत नाही त्याला दोन वर्षं होतील. मी शाळेत मागच्या दाराने जाते, ती पुढच्या दाराने जाते म्हणून."

"मी जाऊन माफी मागतो तिची."

"माग. पण स्टेजवरून नको."

अंगणाच्या पलीकडे कोणीतरी रंधा मारत होतं. लिफ्टवाला हातांकडे बघत बसला. या हातांनी तारा तपासायच्या, ब्रेक तपासायचे, कुठे काय झिजलंय ते बोट फिरवून ओळखायचं, आणि घरात एवढं झिजत होतं ते त्याला दिसलं नव्हतं. तेवढ्यात त्याच्या मनात तो खालच्या आवाजातला विचार पुन्हा आला, आणि या वेळी तो चांगला मोठ्याने आला. सुट्टी संपल्यावर बाई एक प्रश्न विचारतील. आपण पुन्हा चुकलो की झालं. मुलगी घरी परत येईल. मग आपण सगळं नीट करू, स्टेज सोडू, शनिवारी पोहायला बघायला जाऊ. काही खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. फक्त आत्ता तिला काही विचारायचं नाही, एवढंच.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "तू गेलीस तर घरी काय करायचं मला माहीत नाही. आणि तू माझ्यामुळे जातेयस, तेही मला सहन होत नाही."

मुलगी वाट बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर ती जुनी शहाणी तयारी होती, आता बाबा काहीतरी जोडेल आणि आपण हसायचं.

"आणि?" तिने विचारलं.

"आणि काही नाही. एवढंच आहे."

मग तिने पायातली चप्पल खाली पडू दिली, ती पुन्हा अंगठ्याने उचलली, आणि बोलायला लागली. भीती कशाची वाटते ते तिने सांगितलं. त्यावर कोणी हसलं नसतं. बिनसलं की आपण काय करतो तेही सांगितलं. तो ऐकत राहिला. मध्ये एकदोनदा त्याच्या तोंडाशी काहीतरी आलं आणि त्याने ते गिळलं. घंटा झाली तेव्हा ती अजून बोलत होती, आणि उठताना म्हणाली, "यातलं बाईंना काय सांगायचं ते तू ठरव."

या वेळी बाईंनी दोघांना एकाच खोलीत बसवलं. चष्मा आधीच नाकावर होता.

"बिनसलं की ती काय करते?"

लिफ्टवाल्याने मुलीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, मान ताठ, हात मांडीखाली दाबलेले. तिला ही जागा किती हवी आहे ते त्या हातांवरून कोणालाही कळलं असतं. आजवर त्याने तिचे हात नुसते गोष्टीपुरते बघितले होते.

"जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसते," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला ओळखू येईना, इतका हळू होता. "कोणी शेजारी येऊन बसलं तर तिला चालतं. पण बोललेलं चालत नाही. काय झालं म्हणून विचारलं की ती उठून जाते. नुसतं बसायचं. मग थोड्या वेळाने ती आपणहून सांगते, सांगायचं असेल तर."

बाईंनी मान हलवली. "आमच्याकडे माळ्यावर जायला जिना आहे," त्या मुलीला म्हणाल्या. मग त्याला म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी सामान घेऊन या."

मुलीने हात मांडीखालून काढले आणि तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. लिफ्टवाल्याने बाईंचे आभार मानले, खुर्ची जागेवर सरकवली आणि बाहेर आला. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं. आपल्या मुलीशेजारी कसं बसायचं हे त्याला आजच कळलं होतं, घंटा व्हायच्या जरासं आधी, आणि लगेच ते त्याने दुसऱ्या कोणाला तरी सांगून टाकलं होतं. सोमवारपासून त्या जिन्यावर या बाई बसणार होत्या.

मुलगी फाटकाजवळच्या पायऱ्यांवर जाऊन बसली होती, सगळ्यात वरच्या पायरीवर. तिला जागा मिळाली होती आणि तरी ती गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. तो गेला आणि शेजारी बसला. त्याला दोन वाक्यं सुचली. दोन्ही चांगली होती, हशा नक्की मिळाला असता. तो काही बोलला नाही, आणि ती उठली नाही.